चुणीचा दोरा

४ तारीख, मंगळवार

धाकटीने आज मांजराचं पिल्लू आणलं. मला विचारलं नाही. दुकान दोघी जावांचं, मशीन दोघींची, पण मांजर आणायचं ठरवलं ते हिने एकटीने. मागच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये टायरच्या ढिगात ओरडत होतं म्हणे. दोनेक महिन्यांचं असेल. राखाडी अंग, पोट पांढरं आणि कान एवढे मोठे की थोरल्या भावाचे घालून आल्यासारखे.

मी म्हटलं, "पडद्यांच्या दुकानात मांजर? गिऱ्हाइकाच्या कापडाला नखं लागली म्हणजे?" तर म्हणे, "जाऊबाई, एकदा हातात घेऊन तर बघा." मी घेतलं नाही. माझे हात इस्त्रीत गुंतले होते आणि नसते गुंतले तरी घेतलं नसतं.

संध्याकाळी आमचे हे आणि भावजी रॉड बसवून परत आले, तर दोघे सख्खे भाऊ बूट न काढता जमिनीवर ओणवे. माझी पिशवी उचलायला सांगितली की ज्या माणसाची कंबर धरते, तो टेबलाखाली रांगत होता. नाव ठेवलं बॉबिन. तेही धाकटीनेच. सगळे म्हणाले, वा, काय सुचलं. मला आधीच काहीतरी सुचलं होतं, पण मी बोलले नाही.

५ तारीख, बुधवार

कार्टी दिवसभर धाकटीच्या मांडीवर. मशीन चालू, पाय पॅडलवर, आणि हिची शेपटी लोंबतेय. तीन गिऱ्हाइकं आली. तिघींनीही कापड बाजूला ठेवून आधी मांजर बघितलं. एक म्हणाली, "ताई, किती गोड आहे हो." ताई म्हणजे धाकटी. मग माझ्याकडे वळून, "काकू, माझ्या झालरी झाल्या का?" माझ्यात आणि धाकटीत दोन वर्षांचं अंतर आहे. दोनच. ती ताई आणि मी काकू. हे कुणी ठरवलं ते एकदा मला कळू दे.

दुपारी धाकटी म्हणाली, "एक सांगून ठेवते हं, हिला दोऱ्याशी खेळू द्यायचं नाही. पिल्लं दोरा गिळतात." मी बरं म्हटलं. ही लग्न होऊन आली तेव्हा सुईत दोरा ओवायला माझ्याकडे यायची. आता ती मला दोरा शिकवते.

७ तारीख, शुक्रवार

चिरंजीवांचा फोन आला. लांबच्या शहरात नोकरी, आठवड्यातून एकदा आईची आठवण होते. मी म्हटलं जेवलास का, तो म्हणाला हो. मी म्हटलं खोकला गेला का, तो म्हणाला हो. मग म्हणाला, "आई, काकूला दे ना फोन, मांजर दाखव म्हणावं."

मी फोन दिला आणि अस्तराला टीप घालायला बसले. तिकडे दोघांच्या गप्पा. कार्टी फोनला पंजा मारते, तो हसतो, धाकटी हसते. मला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं: साहेब बदललाय, खोली बदलणार आहे, रात्री झोप येत नाही. नऊ महिने पोटात मी वाढवला. मशीनचा आवाज मी मुद्दाम मोठा केला असं भावजी म्हणाले. मशीन जुनं आहे, त्याला मी काय करणार.

जळते मी. लिहून टाकते म्हणजे बरं. इथे कोण वाचायला येतंय. धाकटी कुणाचं वाईट करत नाही, उलट सगळ्यांचं करते, तेच तर. भांडायला जागाच ठेवत नाही.

१० तारीख, सोमवार

आज एक गंमत झाली. धाकटी एका घरी खिडक्यांची मापं घ्यायला गेली होती. मी झालरीला चुण्या घालत होते. चुणीचा दोरा जाड असतो, चमकदार, कापडातून नुसता ओवून ठेवायचा आणि शेवटी एक टोक ओढलं की सगळं कापड त्याच्यावर गोळा होऊन येतं. तर तो दोरा टेबलावरून खाली लोंबत होता आणि कार्टी त्याच्यासमोर बसून डोकं इकडे तिकडे करत होती.

मी एक हातभर तुकडा तोडला, टोकाला गुलाबी चिंधी बांधली आणि हलवला.

काय नाचली. उड्या काय, कोलांट्या काय. मी खुर्चीवरून खाली बसले, गुडघे विसरले. किती दिवसांनी कुणी माझ्याशी असं खेळलं. शेवटी दमून माझ्याच पायावर डोकं टेकून पडली. धाकटीची पावलं जिन्यावर वाजली तसा मी दोरा ड्रॉवरमध्ये टाकला.

दोरा तिला देत नाही मी, एक टोक माझ्याच हातात असतं. माणसाला एवढी अक्कल असते.

११ तारीख, मंगळवार

आज सकाळी धाकटीच्या मांडीवरून उठून कार्टी चालत माझ्या मशीनपाशी आली आणि ड्रॉवरकडे बघत बसली. धाकटीने "बॉबिन, बॉबिन" करून बोलावलं. ढुंकूनही बघितलं नाही. मी मान खाली घालून टीप घालत राहिले, पण तोंडावरचं हसू कुठे लपवू?

दुपारी पुन्हा खेळलो. मध्येच दारात गिऱ्हाईक आलं, म्हणून मी उठले. परत येऊन बघते तर गुलाबी चिंधी टेबलाखाली पडलेली, दोरा नाही. सगळीकडे शोधला. केराची बादलीसुद्धा उलटी केली. धाकटी तेवढ्यात मागच्या दाराने येऊन गेली होती. तिनेच उचलला असणार. बघितलं असेल, उचलला असेल आणि बोलली नसेल, म्हणजे मोठेपणा तिच्याकडे. नंतर कधीतरी गोड आवाजात काढेल. काढू दे.

१२ तारीख, बुधवार

कार्टी सकाळपासून माझ्याकडे आहे. मी बोलावलं नाही, काही दाखवलं नाही, आपणहून आली, इस्त्रीच्या टेबलाजवळ घुटमळली आणि मांडीवर चढली. चढताना जरा धडपडली, मी हात दिला.

सकाळी मागच्या दाराशी थोडी उलटी केली होती, पिवळसर फेस. मी पुसून टाकली. कालचं उकडलेलं चिकन मी दिलं होतं, धाकटीला कळलं असतं तर लगेच, "तुम्ही काय दिलंत जाऊबाई?" पिल्लांना होतं असं. माझा मुलगा लहानपणी रोज ओकायचा, आता सहा फूट आहे.

धाकटी दुपारी वाटीत मासा कुस्करून घेऊन आली. हिने वास घेतला, ओठ चाटले, तोंड फिरवलं आणि पुन्हा माझ्या मांडीत. धाकटी वाटी घेऊन तशीच उभी. मला म्हणाली, "खात कशी नाही?" मी म्हटलं, "भूक नसेल. हिला काय तुझ्या हातचंच आवडायला पाहिजे का?" तिने वाटी खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला होता. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

१३ तारीख, गुरुवार

आजचा दिवस मी विसरणार नाही. सकाळी दुकान उघडल्यापासून बंद करेपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. उतरली नाही. कात्रणांच्या टोपलीकडे बघितलं नाही, भावजींच्या बुटाच्या नाडीवर झेप घेतली नाही, कुणाकडे गेली नाही. पाठ वर करून, पाय पोटाखाली घेऊन, अगदी पोक्त बाईसारखी बसलेली. आणि घुरघुर. हात ठेवला की घुरघुर, काढला तरी घुरघुर. मी चहासाठीसुद्धा उठले नाही. आमचे हे म्हणाले, "लाडकी झालीस की गं तू." लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्या नावापुढे हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

पोटाखाली हात घातला तर मात्र कण्हली. अशा जागी गुदगुल्या होत असतील.

अंग थोडं विस्कटलेलं वाटतं. रोज चाटून चाटून चकाचक असायची, आज चाटलंच नाही. आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा पुढे आलाय, अर्धा ओढल्यासारखा. झोप आली असेल. मी मनात म्हटलं, पडदेवालीची मांजर, डोळ्यांनाही पडदे.

संध्याकाळी धाकटी दोनदा आली, वाकून बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि गेली. आता कळेल तिला. फोनवर गप्पा आपल्या मुलाशी चालल्यात आणि आपण मशीनवर बसलोय, तेव्हा कसं वाटतं ते.

१४ तारीख, शुक्रवार

हे आज लिहायला हवं, नाहीतर उद्या मी स्वतःला काहीतरी वेगळं सांगेन.

सकाळी ती मांडीवर आली नाही. शोधली तर पडद्याच्या कापडांच्या उभ्या गठ्ठ्यांमागे भिंतीशी चिकटून बसलेली. हात घालून काढली. कान गार. तोंडाला लाळ, सारखी काहीतरी गिळल्यासारखं करत होती. मी हाक मारायच्या आत धाकटी आली, पिल्लू माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "आता पुरे झालं. चला." ती माझ्याशी असं कधी बोलली नव्हती.

भावजींच्या व्हॅनमध्ये रॉडच्या शेजारी बसून गेलो. जनावरांची डॉक्टर तरुण बाई आहे, केस वर बांधलेले, हातावर ओरखडेच ओरखडे. तिने हिरड्या बघितल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. डॉक्टर म्हणाली, "अंगातलं पाणी गेलंय. कधीपासून खात नाही?"

धाकटी म्हणाली, "परवा दुपारपासून बहुतेक."

मी म्हटलं, "परवा सकाळपासून. माशाचा वास घेतला, ओठ चाटले, खाल्लं नाही. पाणी परवा दुपारी दोन घोट. परवा उलटी झाली, पिवळी, फेसाची. काल दिवसभर पाठ वर करून बसली होती. पोटाला हात लावला की कण्हते. चाटत नाही. डोळ्यात पडदा परवा नव्हता, काल आला." बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं. सगळं मी बघितलं होतं. कुणाच्या मांडीवर किती वेळ, कुणाच्या हातचे किती घास, डोळ्यात तेल घालून मोजत होते ना मी. धाकटीने माझ्याकडे बघितलं. उलटीचं तिला पहिल्यांदाच कळत होतं.

मी डॉक्टरला विचारलं, "पण घुरघुरत होती हो. दिवसभर."

ती म्हणाली, "दुखत असलं तरी घुरघुरतात. ऊब शोधतात, एका जागी बसून राहतात. माणसांना वाटतं, शहाणी झाली. पिल्लू जेव्हा एकदम शहाणं होतं ना, तेव्हा घाबरायचं."

मग तिने जबडा उघडून आत बघायचा प्रयत्न केला, पण पिल्लू झटापट करू लागलं, नीट दिसलं नाही. तिने विचारलं, "काही गिळलंय का? प्लास्टिक, रबर, दोरा?"

धाकटी म्हणाली, "छे. दुकान शिलाईचं आहे, पण दोरा आम्ही तिच्या जवळ जाऊ देत नाही. जाऊबाई तर माझ्याहून कडक आहेत."

तिने माझी बाजू घेतली होती. मागितली नव्हती मी. आणि आता हो म्हणायचं म्हणजे तिच्यासमोर, त्या पोरगेल्या डॉक्टरसमोर. मी भिंतीवरचा कुत्र्यांचा तक्ता वाचत उभी राहिले. डॉक्टरने कातडीखाली पाणी टोचलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, म्हणाली पोट बिघडलं असेल, उद्या सकाळी दाखवा, तोवर बघू.

आम्ही बाहेर आलो. धाकटी पिल्लू छातीशी धरून व्हॅनमध्ये चढली. मी एक पाय आत ठेवला. बॉबिनने तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली, पुन्हा गिळलं. काही अडकलेलं गिळावं तसं. गुलाबी चिंधी आठवली. नुसती चिंधी. दोरा नाही.

मी धाकटीला म्हटलं, "दे ती इकडे." तिने दिली नाही. मग मी म्हटलं, "अगं, दोरा मी दिलाय तिला. चुणीचा. मंगळवारी. मला वाटलं, तू उचललास."

धाकटी तशीच व्हॅनमधून उतरली. पिल्लू घेऊन माझ्या आधी आत पळाली.

डॉक्टरने या वेळी पिल्लाला गुंगी दिली आणि जीभ वर उचलली. खाली जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा वेढा बसलेला, मांस कापत आत गेलेला. उरलेला सगळा पोटात. माझा हात आपोआप पुढे गेला. आयुष्यभर दोरे ओढत आलेय, टोक दिसलं की हात जातोच. डॉक्टरने माझं मनगट धरलं. "ओढायचा नाही. एक टोक इथे अडकलंय, बाकीचा आतड्यात उतरलाय. ओढला की काय होतं माहितीये?"

मला माहीत होतं. या गावात माझ्याहून जास्त कुणाला माहीत असणार? सगळं कापड दोऱ्यावर गोळा होऊन येतं.

पोट उघडावं लागेल म्हणाली. एवढंसं पिल्लू, दोन दिवस उपाशी, गुंगी सोसेल की नाही सांगता येत नाही. आतडं दोऱ्याने चिरलं असेल तर काही खरं नाही. धाकटीने सही केली.

१५ तारीख, शनिवार

जिवंत आहे. आतडं दोन जागी कापून दोरा काढला, पण दोऱ्याने चिरलं नव्हतं. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर चिरलं असतं, डॉक्टर म्हणाली. आता खाल्लेलं पोटात टिकलं तर वाचली, नाहीतर नाही. दवाखान्यातच ठेवलीये.

धाकटी माझ्याशी बोलत नाही. ओरडली असती तर मी चार शब्द परत दिले असते. दुकानात दोन मशीन चालू आणि मधे एक रिकामी टोपली. एक गिऱ्हाईक येऊन विचारून गेली, "ताई, मांजर कुठे?" धाकटी म्हणाली, "आजारी आहे." कशाने, ते सांगितलं नाही. माझ्यावर आणखी एक उपकार. तेही सहन होत नाही मला.

१७ तारीख, सोमवार

सकाळी डॉक्टरचा निरोप, बॉबिनने चमचाभर खाल्लं, ओकली नाही.

धाकटी चहाचा कप माझ्या मशीनवर आपटून ठेवून म्हणाली, "उलटी झाली तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तू म्हणाली असतीस, मी काहीतरी भलतं दिलं."

"म्हटलंच असतं. दिलंच होतंत."

खरं होतं. मी चहा प्यायले. थोड्या वेळाने ती कापडाकडे बघत म्हणाली, "मलाही गुरुवारीच दिसलं होतं. ती बरी नाहीये असं. दोनदा तुमच्याजवळ आले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणाला असतात, तुझ्याकडे येत नाही म्हणून पोटात दुखतंय तुझ्या." मग हळूच म्हणाली, "आणि दुखतही होतं. म्हणून मला कळेना, माझं खरं दिसतंय की नुसतं जळल्यामुळे दिसतंय. तुम्हाला नाही समजणार ते."

मला नाही समजणार. मी कप खाली ठेवला आणि हसू आलं मला, रडूही आलं, दोन्ही एकदमच. धाकटी घाबरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "अगं बाई, माझ्याइतकं कुणाला समजणार नाही." जास्त काही सांगितलं नाही. तिलाही जळायला येतं हे मला कुठे ठाऊक होतं?

२२ तारीख, शनिवार

बॉबिन घरी आली. पोटावर केस काढलेले, वर टाक्यांची रांग. टाके सुबक आहेत, डॉक्टरचा हात चांगला आहे. आम्ही दोघींनी मिळून सगळी रिळं आणि दोरे झाकणाच्या डब्यात भरले, मशीनखालची जमीन रोज झाडायची ठरवली. संध्याकाळी पुन्हा कार्टी धाकटीच्या मांडीवर. मी वाटीत औषध घालून आणलं तर मला बघून फिस्स केलं. औषध मी द्यायचं आणि मांडी हिची.

चिरंजीवांचा फोन आला. काकूने त्याला दोऱ्याचं काही सांगितलं नसावं. मग मीच सांगितलं, सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आई, तू खाली बसून खेळलीस? गुडघ्यांवर?" मग त्याने झोप न येण्याचं मलाही सांगितलं. आधी काकूला सांगितलेलंच होतं, शिळं, पण सांगितलं.

२९ तारीख, शनिवार

टाके निघाले. दुपारी मी खुर्चीत बसून इस्त्री करत होते, धाकटी मापं घ्यायला बाहेर. बॉबिन आली, टेबलाजवळ घुटमळली आणि माझ्या मांडीवर चढली. गोल झाली. घुरघुरायला लागली.

मी इस्त्री बंद केली. कान चाचपले, गरम होते. ओठ वर करून हिरड्या बघितल्या, गुलाबी. मानेची कातडी ओढून सोडली, झटकन बसली. तरी ती हलेना, नुसती घुरघुरत राहिली, आणि मला काही केल्या खरं वाटेना. शेवटी मी तिला उचलून खाली ठेवलं आणि तिच्या नाकासमोर बोट हलवलं. तिने मान वाकडी केली, मागचा भाग हलवला आणि झेप घेऊन बोटाला असा कडकडून चावा घेतला की रक्तच आलं. मग कान मागे टाकून सुसाट पळाली, थेट दारातून येणाऱ्या धाकटीच्या पायात.

मी तिला बोट दाखवलं. तिने हातातली पिशवी खाली ठेवली, बोट धरून उजेडात नीट बघितलं. "खोल गेलंय की," म्हणाली.

"दोन्ही सुळे," मी म्हटलं. "आणि खेळते कशी, बघ."

बोटाला कापूस धरून लिहितेय. समोर कार्टी धाकटीच्या मांडीवर पसरलीये आणि शेपटी लोंबतेय. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. पण मांडी तिचीच का, ते मात्र अजून कुणी सांगत नाही.